मुकुंदरावांची काही न टाकलेली बरणी

वाइन चांगली कोणती, आपोआप झालेली की माणसानं केलेली, या प्रश्नावर मुकुंदराव परतूरकरांनी आपलं ठाम मत दिलं, तेव्हा त्यांनी आयुष्यात वाइनचा थेंबही चाखलेला नव्हता. अर्थात चव माहीत नसण्याचा आणि मत नसण्याचा काही संबंध असतो, असं जालन्यात कोणी मानत नाही. झालं होतं असं, की त्यांची मुलगी अंतरा नाशिकहून अपूर्व नावाच्या मुलाला घरी घेऊन आली होती, आणि हा अपूर्व तिकडच्या एका मोठ्या कारखान्यात वाइन करत होता. मुलगा दिसायला नीटस, बोलायला मऊ. पोह्यांची दुसरी बशीही त्यानं आढेवेढे न घेता संपवली. शरयूताईंनी स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांनीच पसंती कळवली होती. आता मुकुंदरावांनी दोन गोड शब्द बोलायचे, बैठकीची तारीख काढायची, की झालं.

पण नेमकं त्याच आठवड्यात त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. कुठल्याशा डोंगरउतारावर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा पायानं द्राक्षं तुडवत होता आणि सांगत होता, की मी काही करत नाही, मी फक्त वाट पाहतो. त्याची भाषा मुकुंदरावांना येत नव्हती, पण त्याचं म्हणणं हेच असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. मुकुंदराव एकतीस वर्षं एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. गुलाबी औषध चोळलेल्या शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळायच्या आणि सातव्या दिवशी किती उगवल्या ते मोजायचं, हे त्यांचं काम. ज्याला कोणी काहीच चोळलेलं नाही असं बी त्यांनी एवढ्या वर्षांत हातात धरलं नव्हतं. त्यामुळे तो म्हातारा त्यांच्या मनात शिरला आणि तिथंच पथारी पसरून बसला.

"तुम्ही त्यात काय काय टाकता?" त्यांनी अपूर्वला विचारलं.

"यीस्ट टाकतो, काका. पाकिटातलं, निवडलेलं. वाइन टिकावी म्हणून थोडं सल्फाइट. आणि तापमान सांभाळतो."

"म्हंजे तुमचा द्राक्षावर भरवसा न्हाई."

अपूर्व हसला. तिथं त्याची चूक झाली. मुकुंदरावांना कोणी रागावलेलं चालायचं, हसलेलं नाही.

"नैसर्गिक म्हणतात ती वाइन बऱ्याचदा बिघडलेली असते, काका," तो म्हणाला. "निसर्गाला वाइन करायचीच नसते. त्याला सिरका, म्हणजे व्हिनेगर, करायचा असतो. मधे कुठेतरी माणसानं थांबवायचं, म्हणून ती वाइन."

"बियाला कोण सांगतं उगव म्हणून? आँ? कोण सांगतं?"

शब्दानं शब्द वाढला. पंधरा मिनिटांत गोष्ट अशा ठिकाणी येऊन ठेपली, की मुकुंदराव खुर्चीवरून उठून उभे होते आणि स्वतःचं बोलणं स्वतःच आश्चर्यानं ऐकत होते. "मी घरी करून दाखवतो. एक कण न टाकता. झाली, तर तू मान्य करायचं की मी बराबर होतो. सिरका झाला, तर मी मान्य करीन. बैठक, तारीख, सगळं त्यानंतर."

शरयूताईंच्या हातातला चहाचा ट्रे कलला. अपूर्वचा चेहरा उतरला. अंतरानं मात्र वडिलांकडे नीट पाहून घेतलं आणि ती एवढंच म्हणाली, "बरं बाबा." मुकुंदरावांना वाटलं, निदान पोरगी तरी आपल्या बाजूनं आहे.

पहिली दहा किलो द्राक्षं त्यांनी बाजारातून आणली आणि ते आंघोळीला गेले. नैसर्गिक वाइनचं सगळं गुपित द्राक्षाच्या सालीवर असतं. तिथं जे पांढुरकं बसलेलं असतं, त्याच्यासोबत रस आंबवणारे जीवही बसलेले असतात. मुकुंदराव पंचा गुंडाळून बाहेर आले तेव्हा शरयूताई ती द्राक्षं मिठाच्या पाण्यातून काढून, हळदीच्या पाण्यात बुडवून, तिसऱ्यांदा नळाखाली धरत होत्या. बाहेरचं फळ या घरात असंच येत असे.

"अहो, किती पांढरं होतं त्यावर! औषधच की," त्या समाधानानं म्हणाल्या.

ती द्राक्षं पुढं चार दिवस सगळ्या गल्लीनं खाल्ली आणि फार स्वच्छ असल्याचं कळवलं.

दुसऱ्या खेपेला ते थेट कडवंचीला, साहेबरावांच्या बागेत गेले. साहेबराव कंपनीचं बियाणं नेत, तेवढी ओळख. न धुतलेली, न फवारलेली द्राक्षं पाहिजेत, म्हटल्यावर साहेबरावांनी त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

"ती पांढरी भुकटी असती ना सालीवर, ती पाहिजे," मुकुंदराव म्हणाले.

"हाय की. पर ती देवाची हाय का आमच्या पंपाची, ते मला बी सांगता यायचं न्हाई, साहेब."

शेवटी विहिरीजवळच्या चार वेली निघाल्या. मांडव मोडल्यापासून दोन वर्षं त्यांच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. घोस बारके, मणी आंबट, निम्मे पाखरांनी टोचलेले. मुकुंदरावांचे डोळे भरून आले. बारा किलो द्राक्षं त्यांनी मोटरसायकलवर, दोन पायांच्या मध्ये ठेवून, खड्डे चुकवत घरी आणली. साहेबरावांनी पैसे घेतले नाहीत. ही द्राक्षं विकली असं कळलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आता तुडवणं. म्हाताऱ्यानं पायानं तुडवली होती, म्हणून मुकुंदरावांनीही पायानंच तुडवायची ठरवली. नवीन प्लास्टिकचा टब आणला, पाय गुडघ्यापर्यंत घासले आणि पहिलं पाऊल आत टाकलं. टाकताक्षणी त्यांचा उजवा हात आपोआप खाली गेला, द्राक्षांना लागला आणि छातीशी आला. खाण्याच्या वस्तूला पाय लागला की नमस्कार करायचा, ही सवय सत्तावन्न वर्षांची. दुसरं पाऊल टाकलं, दुसरा नमस्कार. हात बांधून पाहिले, तर तोल जाऊ लागला. मग त्यांनी नाद सोडला आणि दर पावलाला वाकत, दर पावलाला क्षमा मागत, पाऊण तास ती द्राक्षं तुडवली. शेजारच्या नंदाबाई जिन्यावरून पाहत होत्या.

"मुकुंदभाऊ, मोजा तरी," त्या म्हणाल्या. "एवढे नमस्कार देवाला घातले असते तर पोरीचं लगीन कवाच लागलं असतं."

रस सालींसकट लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत गेला. कैऱ्या यायच्या आत रिकामी करून द्यायची, ही शरयूताईंची अट होती. बरणीवर मलमलचं फडकं बांधलं आणि ती गच्चीवरच्या खोलीत ठेवली. मुकुंदरावांनी घरातल्या सगळ्यांना, म्हणजे शरयूताईंना आणि कुठल्याही वेळी येणाऱ्या नंदाबाईंना, बजावून सांगितलं, की बरणीला हात लावायचा नाही. हे सांगून झाल्यावर त्यांच्या मनात वेगळीच भीती शिरली. हे कायद्यात बसतं का?

कुकरची शिट्टी बदलली तरी पक्की पावती घेणारा हा माणूस. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते संबंधित कार्यालयात हजर झाले. टेबलामागे प्रीती मॅडम होत्या.

"घरी द्राक्षाचा रस ठेवलाय. परवानगी लागते का?"

"रसाला कशाला परवानगी?"

"तो पुढं वाइन होणार हाय."

"कोण करणार?"

"कोणीच न्हाई. आपोआप होते ती."

प्रीती मॅडमनी चष्मा कपाळावर सारला. "साहेब, आपोआप होणाऱ्या वस्तूचा आमच्याकडं अर्जाचा नमुना न्हाई. करणाऱ्याचं नाव लागतं."

"करणारा निसर्ग."

"मंग त्यांची सही आणा."

बाई चेष्टा करत होत्या की नाही, हे मुकुंदरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटी त्यांनी साध्या कागदावर अर्ज लिहून द्यायचा, मॅडमनी तो आवक करून घ्यायचा आणि साहेब दौऱ्यावरून आले की पुढचं पाहायचं, असं ठरलं. 'टाकलेले पदार्थ' यापुढं काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "काहीच न्हाई ना? मंग निरंक लिहा." मुकुंदरावांनी 'निरंक' लिहिलं. सरकारी कागदावर इतका सुंदर शब्द असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. घरी येऊन त्यांनी अर्जाची शिक्का मारलेली प्रत बरणीमागच्या भिंतीवर चिकटवली आणि त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली.

आणि मग काहीच झालं नाही. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. कामावरून आलं की मुकुंदराव वर जाऊन बरणीला कान लावून बसायचे. बरणी गप्प. खिडकीतून मार्चची ऊन ऊन हवा यायची, कडुलिंबाचा मोहर झडून गच्चीवर पसरायचा. दूर एमआयडीसीत लोखंड लाटणाऱ्या गिरण्यांचा घुमारा चालू असायचा. त्या घुमाऱ्यात त्यांचे डोळे मिटायचे आणि तो डोंगरउतार यायचा. वेलींच्या रांगा, वर ढगांची सावली, आणि रांगेच्या टोकाला दाढीवाला म्हातारा. 'वाट पाहा,' तो म्हणायचा, आता चांगल्या जालन्याच्या मराठीत. 'पाहून राह्यलो की,' मुकुंदराव म्हणायचे. जाग आली की बरणी तशीच.

"विरजण कशाचं लावलं?" नंदाबाईंनी विचारलं.

"काहीच न्हाई. तेच तर."

"बिनविरजणाचं दही लागलंय का कधी? माझ्याकडून न्या वाटीभर." मग त्यांनी आवाज खाली आणला. "ह्या नादात पोरगी घरात राहील हो तुमची."

शरयूताई काही बोलत नव्हत्या. त्यांनी बोलणं सोडून चार दिवस झाले होते. लटक्या रागात त्या मीठ चुकवत; आता भाजीत ते बरोबर पडत होतं, म्हणजे राग खरा होता.

सहाव्या दिवशी रविवार होता. अंतरा अपूर्वला घेऊन आली. बरणी पाहायची म्हणून तो वर गेला, फडक्याजवळ वाकून वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाला, "काका, होईल असं वाटतं." मुकुंदरावांना बरं वाटलं. शत्रू असला तरी सभ्य होता. त्याला पाणी आणायला ते खाली गेले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरणी बोलायला लागली.

आधी एक बुडबुडा. मग थोड्या वेळानं दुसरा. आठवड्याच्या मध्यावर तर साली वर चढून फेस आला होता आणि आतून सारखी कुजबुज ऐकू येत होती. मुकुंदराव खुर्ची ओढून बसले ते बसलेच. एकतीस वर्षं त्यांनी उगवण मोजली होती, पण ऐकली नव्हती. त्यांना वाटलं, कोणी न सांगता, कोणी न चोळता, एक गोष्ट आपल्याच मर्जीनं होऊन राह्यली आहे, आणि आपण फक्त तिच्याजवळ बसलो आहोत. यापेक्षा जास्त सुख माणसानं मागू नये. त्या आठवड्यात ते रस्त्यानं चालताना हसत. कंपनीत त्यांनी एकाच वाटाण्याच्या नमुन्याची उगवण दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा एकशे चार टक्के लिहिली. गल्लीतली माणसं संध्याकाळी बरणी ऐकायला येऊ लागली. कोणाला त्यात पावसाचा आवाज येई, कोणाला भात शिजल्याचा.

असे दोन आठवडे गेले. कुजबुज मंदावली, साली तळाला बसल्या आणि वास असा गोड, खोल येऊ लागला, की मुकुंदरावांना न चाखताच कळलं, आपण जिंकलो. ते खाली आले आणि त्यांनी शरयूताईंना तसं सांगितलं.

शरयूताई गवार मोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "जिंका," त्या म्हणाल्या. "जावई म्हणून तो पोरगा आयुष्यभर या घरात हरलेला माणूस म्हणून जेवायला बसंल. दर दिवाळीला तुम्ही ही बरणी काढाल. मी वळखते तुम्हाला. आणि आपली पोरगी दोघांच्या मधे वाढायला उभी असंल."

मुकुंदराव गच्चीवर जाऊन बसले. डोळे मिटून पाहिले, पण डोंगर आला नाही. त्याऐवजी जेवणाची खोली आली, ताट आलं, आणि पोळीचा तुकडा हातात धरून खाली पाहत बसलेला अपूर्व आला. बाजूला अंतरा होती, पस्तीस वर्षांची, चाळीस वर्षांची, भाजीचं पातेलं धरलेली. वाइन वाईट झाली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं, आणि मग ते तिथंच थांबले.

शनिवारी दुपारी शरयूताई झोपल्या, तेव्हा मुकुंदरावांनी स्वयंपाकघरातल्या कपाटातून सिरक्याची बाटली काढली. अंतरा आली की मंचूरियन करायची, त्यासाठी आणलेली. ती बाटली सदऱ्याखाली लपवून ते वर गेले. भिंतीवरचा 'निरंक' सरळ त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी तो कागद काढून उलटा केला. मग फडकं सोडलं आणि बरणीत अर्धी बाटली ओतली. बरणीनं एक बारीकसा बुडबुडा सोडला. त्यांनी वाकून तिला नमस्कार केला.

रविवारी अकराला सगळे गच्चीवरच्या खोलीत जमले. नंदाबाई न बोलावता आल्या होत्या. शरयूताईंनी स्टीलची फुलपात्रं मांडली. अपूर्वनं फुलपात्र हातात फिरवलं, नाकाजवळ नेलं, आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं घोट घेतला. घोट खाली जाताना सगळ्यांना दिसला.

"काका," तो घसा साफ करत म्हणाला, "उत्तम वाइन झालीय. तुम्ही जिंकलात."

मुकुंदरावांनी स्वतः घोट घेतला. कानांतून वाफ निघाली. "अरे, हा सिरका हाय."

"नाही काका, वाइनच आहे."

"बिलकुल न्हाई. तू जिंकला."

"छे, छे. तुम्हीच."

"मी म्हणून राह्यलो ना, मी हरलो!"

"मानपानावरून भांडताना लई पाह्यले," नंदाबाई म्हणाल्या, "पर हे येगळंच हाय."

पाच मिनिटं असं चाललं. हळूहळू मुकुंदरावांना एक प्रश्न टोचू लागला आणि विचार पुरा व्हायच्या आत तो तोंडातून निसटला. "धडधडीत सिरक्याला जो माणूस वाइन म्हणतो, त्याच्या शब्दावर मी माझी पोरगी कशी देऊ?"

अपूर्वनं फुलपात्र खाली ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते.

"खरं ऐकायचंय? हा सिरकाच आहे. पण तुमच्या बरणीनं केलेला नाही. रस बिघडून सिरका झाला तर त्याला फळाचा वास राहतो. हा बाटलीतला आहे. याला मंचूरियनचा वास येतो. तुमची वाइन याच्याखाली आहे, काका, आणि ती चांगली होती. कोणीतरी मुद्दाम बिघडवली."

नंदाबाईंनी शरयूताईंकडे पाहिलं. शरयूताईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांचं कपाट, त्यांची बाटली. बरणीवर राग होता तो त्यांचाच. मुकुंदराव गप्प राहिले असते, तर गल्लीनं आयुष्यभर शरयूताईंनाच दोष दिला असता, आणि मुकुंदराव मात्र नैसर्गिक वाइनचे हुतात्मा ठरले असते. क्षणभर, खोटं कशाला बोला, त्यांना तो मान हवासा वाटला.

"मी टाकला," ते म्हणाले. "काल दुपारी. मला जिंकायचं नव्हतं. तू या घरात मान वर करून जेवावंस म्हणून."

एवढं बोलून त्यांना रडू आलं, आणि आपण सिरक्यामुळे रडतो आहोत असं दाखवायला त्यांनी आणखी एक घोट घेतला.

अपूर्वनं त्यांच्या हातातलं फुलपात्र काढून खाली ठेवलं. "काका," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही पाणी आणायला गेलात ना त्या रविवारी... मी खिशातून यीस्टचं पाकीट आणलं होतं. तुम्ही जिंकावं म्हणून. कदाचित माझ्याशिवायही झाली असती. आता ते कधीच कळणार नाही."

"मी मूठभर बेदाणे टाकले होते," शरयूताई म्हणाल्या. "पाचव्या दिवशी. तुमचं तोंड बघवंना."

सगळ्यांनी नंदाबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता? जांबहून समर्थांचा अंगारा आणलेला. चिमूटभर टाकला. पोरीचं जमावं म्हणून."

मुकुंदराव खुर्चीत बसले. अंतरा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती.

"आणि तू?" त्यांनी घाबरत विचारलं. "तू काय टाकलं?"

"काहीच न्हाई, बाबा," अंतरा म्हणाली. "हॉल बुक केलाय. सतरा एप्रिल. ज्या दिवशी तुम्ही ती अट घातली ना, त्याच दिवशी बसस्टँडवर बसून पैसे भरले."

"आणि मी न्हाई म्हटलं असतं तर?"

"तुम्ही म्हटलं नसतं. आईनं सांगितलं, भांड त्यांच्याशी. नंदामावशीनं सांगितलं, उपाशी राहा दोन दिवस. मी म्हटलं, बाबांमध्ये काही टाकायची गरज न्हाई. फक्त वाट पाहायची."

मुकुंदरावांनी फुलपात्र उचललं आणि त्यात जे काही होतं, यीस्ट, बेदाणे, अंगारा आणि मंचूरियन, ते सगळं एका दमात पिऊन टाकलं. मग खोकत, डोळे पुसत, त्यांनी जावयाला हॉलचा पत्ता विचारला.